मुंबई दर्शन : पण कोणत्या मुंबईचे?

रविवारची सकाळ. बोरिवली पश्चिमेच्या गोराई जेट्टीवर होडीसाठी रांग लागलेली असते. रांगेत उपनगरांतील कुटुंबे असतात, तसेच विदर्भ-मराठवाड्यातून आलेले श्रद्धाळूही असतात. खाडीपलीकडे, तिवरांच्या हिरव्या पट्ट्यावर, विश्व विपश्यना पॅगोडाचा सोनेरी कळस उन्हात झळकत असतो. मंडळी पलीकडे उतरतात, पॅगोडा पाहतात, छायाचित्रे काढतात, काही जण समुद्रकिनाऱ्यापर्यंत जातात आणि उन्हे उतरण्यापूर्वी परततात. ‘काय पाहिले?’ असे घरी कोणी विचारले, तर ‘पॅगोडा पाहिला, छान आहे’ एवढे उत्तर मिळते. ज्या भूमीवर ती दिवसभर वावरली, ती भूमी त्यांच्याशी एक शब्दही बोललेली नसते. कारण तिच्या वतीने बोलणारा माणूसच तिथे नसतो.

एखाद्या प्राचीन नगरीचे एका दिवसात दर्शन घडविणाऱ्या सहली जगभर चालतात. मुंबईतही ‘मुंबई दर्शन’ वर्षानुवर्षे चालू आहे. परगावचा पाहुणा आला की त्याला एका बसमध्ये बसवून दिले जाते. गेटवे, वस्तुसंग्रहालय, राणीचा हार, हँगिंग गार्डन, सिद्धिविनायक, जुहू आणि वाटेत सिनेनटांचे बंगले असा हा परिपाठ आहे. तो वाईट आहे असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न वेगळा आहे. या सहलीतून पाहुण्याच्या मनावर मुंबईचा कोणता इतिहास ठसतो? १६६१ च्या विवाह-करारात पोर्तुगीजांनी इंग्लंडच्या राजाला मुंबई दिली, १६६८ मध्ये ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली, आणि मग साहेबाने कोळ्यांच्या ओसाड बेटांतून महानगर घडविले, एवढाच. म्हणजे मुंबईचा जन्म साहेबाच्या हातून झाला आणि त्याआधी येथे काही नव्हते, असा समज घेऊन पाहुणा गावी जातो. अधिक खेदाची बाब अशी की बोरिवली, दहिसर, अंधेरी, मुलुंड येथे दोन-तीन पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांचाही समज याहून फार वेगळा नसतो.

साष्टीचा विसर

वस्तुस्थिती काय आहे? आजची उपनगरे ज्या भूमीवर उभी आहेत ती साष्टी इंग्रजांना त्या करारात मिळालेलीच नव्हती. १७३७ पर्यंत ती पोर्तुगीजांकडे होती. त्या वर्षी चिमाजी अप्पांच्या मोहिमेत ती मराठ्यांकडे आली आणि १७७४ मध्ये इंग्रजांनी जिंकून घेईपर्यंत मराठ्यांकडेच राहिली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्या ताब्यावर शिक्कामोर्तब झाले. फोर्टमधील इंग्रज पस्तीसहून अधिक वर्षे माहीमच्या खाडीपलीकडे मराठ्यांचे राज्य पाहत होता. आज लोकलने माहीमची खाडी ओलांडणाऱ्या लाखो प्रवाशांपैकी कितीजणांना आपण एकेकाळची सरहद्द ओलांडत आहोत याची जाणीव असते?

आणि त्याही मागे गेले, तर काळाची दोरी दोन हजार वर्षे लांबते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनाच्या प्रारंभाच्या आगेमागे सुरू झालेले हे खोदकाम पुढे अनेक शतके चालले. तेथील शिलालेखांत कल्याण आणि सोपारा येथील व्यापाऱ्यांची दाने नोंदविली आहेत. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचे नाव तेथे आहे. डोंगरावरचे पाणी पन्हाळीतून पोढीत उतरविण्याची व्यवस्था अशी की आजच्या नगर अभियंत्यानेही ती एकदा पाहावी. शिवाय सहलीच्या विषयाशी थेट जोडलेली एक गोष्टही या डोंगरात आहे. नव्वदाव्या क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीत कोरलेले लेख आहेत. इ. स. १००९ आणि १०२१ मध्ये येथे येऊन गेलेल्या पारशांनी आपली नावे व तिथ्या तेथे कोरून ठेवल्या. इराण सोडून आलेल्या समाजाची माणसे हजार वर्षांपूर्वी बोरिवलीचा डोंगर चढून बौद्ध लेणी पाहायला येतात, याहून या भूमीच्या मोकळेपणाचा पुरावा कोणता हवा? मुंबई दर्शनाचे हे लेखी नोंद असलेले पहिले प्रवासी! पण त्यांची ओळख करून देणारे कोणी सोबत नसेल, तर कान्हेरीला गेलेल्या मुलाला काळा कातळ आणि माकडे एवढेच दिसते.

सांगणारा नसला की काय होते, याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. बोरिवली पूर्वेला मागाठाणे आहे. तेथेही बौद्ध लेणी आहेत. मागाठाण्यातील जमीन कान्हेरीच्या संघाला दान दिल्याचा उल्लेख कान्हेरीच्या शिलालेखात आहे. म्हणजे हे नाव जवळजवळ दोन सहस्र वर्षे लोकांच्या तोंडी टिकून आहे. आज मात्र ‘मागाठाणे’ म्हटले की बसडेपो आणि मेट्रोचे स्थानक आठवते. लेणी वस्तीच्या वेढ्यात झिजून गेली आहेत. त्यांच्यावर कोणी परकीय आक्रमक चालून आला नव्हता. ती आहेत हे कोणाला ठाऊक नव्हते, म्हणून ती गेली. आक्रमणाने जे मोडते त्याची निदान आठवण राहते. अज्ञानाने जे मोडते त्याची आठवणही उरत नाही.

एका दिवसाचा मार्ग

म्हणूनच ‘साष्टी दर्शन’ ही कल्पना आता कोणीतरी मनावर घ्यायला हवी. सकाळी कान्हेरी, तेथून दहिसरच्या दिशेने मंडपेश्वर, दुपारी होडीने गोराई, पॅगोडा आणि गाव, आणि सूर्यास्ताला उत्तनजवळचा धारावीचा किल्ला. एका दिवसात, फारसा खर्च न करता, होण्याजोगा हा मार्ग आहे. प्रत्येक ठिकाण पुढच्या ठिकाणाचा अर्थ उलगडत जाते, हे त्याचे वैशिष्ट्य.

कान्हेरीचा चैत्य सकाळी पाहिलेला असेल, तरच दुपारी पॅगोडाच्या घुमटाखाली उभे राहण्यात अर्थ आहे. सुमारे ३२५ फूट उंचीच्या या वास्तूत आत एकही खांब नाही. खाचांनी एकमेकांत गुंतविलेल्या दगडांवर हा घुमट तोललेला असून त्याखाली सुमारे ८ हजार साधक एका वेळी ध्यानाला बसू शकतात. २००९ च्या फेब्रुवारीत तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्याचा आकार ब्रह्मदेशातील श्वेडगॉन पॅगोडासारखा का, हा प्रश्न पाहणाऱ्याला पडला पाहिजे. भारतातून गेलेली विपश्यनेची साधना ब्रह्मदेशाने जपली, मंडालेत जन्मलेले सत्यनारायण गोयंका तेथे आपले गुरू सयाजी ऊ बा खिन यांच्याकडून ती शिकले आणि १९६९ मध्ये भारतात घेऊन आले. त्या ऋणाची ही दगडी पावती आहे. ज्या साष्टीच्या डोंगरात भिक्षू शतकानुशतके राहिले, त्याच साष्टीच्या किनाऱ्यावर बुद्धाच्या अस्थी पुन्हा विसावल्या. हे सूत्र कळले की पॅगोडा केवळ छायाचित्राची पार्श्वभूमी राहत नाही.

या दोहोंच्या मधला मुक्काम मंडपेश्वरचा, आणि तो सर्वांत अवघड. सहाव्या शतकाच्या सुमारास कोरलेले हे शैव लेणे. आत नटराजाचा शिल्पपट आहे, भग्न असूनही डौलदार. सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजवटीत फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी या लेण्याचे चर्च केले आणि वरच्या बाजूला मठ उभारला. त्या मठाचे भग्नावशेष आजही उभे आहेत. लेण्यातील एका शिल्पपटावर कोरलेला क्रूसही आहे. शंकराच्या मंदिरात कातळावर कोरलेला क्रूस. मुलाने विचारले, ‘हे असे का?’ तर काय सांगायचे?

खरे तेच सांगा

काही सज्जन म्हणतील, असले विषय सहलीत काढू नयेत, त्याने मने कलुषित होतात. हा आक्षेप प्रामाणिक असला तरी त्याचा उपाय चुकीचा आहे. जे डोळ्यांना दिसते ते तोंडाने नाकारले, की ऐकणाऱ्याचा सांगणाऱ्यावरचा विश्वास उडतो, आणि मग ती पोकळी कोणीतरी भडक कथेने भरतो. सत्तेच्या बळावर येथे देवालय हिरावले गेले, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण तेवढ्यावर थांबणे हेही अर्धसत्यच. पुढचेही सांगितले पाहिजे. मे १७३९ मध्ये वसई पडली तेव्हा चिमाजी अप्पांनी शरण आलेल्या पोर्तुगीजांना सन्मानाने, बायकामुलांसह जाऊ दिले. वसईच्या विजयातील घंटा मराठी मुलखातील देवळांत गेल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा आणि भीमाशंकरची घंटा त्यांतल्याच. विजयाचे चिन्ह म्हणून घंटा नेल्या आणि त्या फोडल्या नाहीत, वाजत्या ठेवल्या. यातच मराठी मनाची जात दिसते.

आणखीही एक सत्य आहे, ते गोराईतच ऐकायला हवे. गोराई, मनोरी, उत्तन येथील ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबे ही पोर्तुगालहून आलेली नाहीत. ती याच मातीतली, कोळी-भंडारी-आगरी कुळांची. १८८७ पासून त्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले, पण घरात बोली मराठीचीच राहिली. लग्नातल्या ‘उंबराच्या पाण्या’चा विधी आजही त्यांच्याकडे होतो. उपासनापद्धती बदलली, पण उंबर आणि बोली बदलली नाही. राष्ट्र म्हणजे सामायिक पूर्वज आणि सामायिक संस्कृती, असे जे मानतात, त्यांनी तर या माणसाला आपला म्हणून सर्वांत आधी ओळखले पाहिजे. गोराईचा मार्गदर्शक याच गावातला तरुण असावा. त्याने आपल्या आजीच्या मराठीत या बेटाची कथा सांगावी. पोर्तुगीजांचा अन्याय त्याच्या तोंडून ऐकताना कोणाचे मन कलुषित होण्याचे कारण उरणार नाही. गोराई-मनोरीत पर्यटन विकासाच्या मोठ्या योजना मांडल्या गेल्या, तेव्हा ग्रामस्थांनी विरोध केला, तो आपली जमीन आणि खाडी जाईल या भयाने. ज्या पर्यटनात गावकरी केवळ नोकर असतो ते त्याला नको आहे. पण ज्यात तो यजमान असतो, ते त्याला का नको असेल?

वाटाड्याची परंपरा

मार्गदर्शक ही काही परदेशी कल्पना नव्हे. तीर्थाच्या ठायी यात्रेकरूला स्थानमाहात्म्य सांगणारा क्षेत्रोपाध्याय हा आपल्याकडचा जुना मार्गदर्शकच. महानुभावांनी ‘स्थानपोथी’ रचली. चक्रधरस्वामी कोठे उतरले, ते देऊळ कोणत्या दिशेला, दार कोणीकडे, हे त्या ग्रंथात बारकाव्याने नोंदविले आहे. सहा-सातशे वर्षांपूर्वी असा ग्रंथ निर्माण करणाऱ्या भाषेत आज बोरिवलीच्या लेण्यांची जबाबदारीने माहिती सांगणारा माणूस मिळू नये, हे लाजिरवाणे आहे. गडकोटांच्या बाबतीत गो. नी. दांडेकर, बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारख्यांनी दोन पिढ्यांना चालते केले. साष्टीला तसा वाटाड्या लाभला नाही.

लंडनमध्ये निळा बिल्ला लावणारा मार्गदर्शक दीर्घ प्रशिक्षण घेऊन, परीक्षा उत्तीर्ण होऊन मगच पर्यटकांपुढे उभा राहतो. येथेही तसे करता येईल. उपनगरांतील महाविद्यालयांचे इतिहास विभाग, निवृत्त शिक्षक, गावोगावची मंडळे यांनी एकत्र येऊन वर्षाला पंचवीस तरुण तयार केले तरी पुरे. त्यांना एकच शिस्त हवी : शिलालेखात काय आहे, परंपरा काय सांगते आणि ऐकीव काय आहे, हे तीन वेगवेगळे करून सांगायचे. ‘ही लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली’ हे लोककथा म्हणून अवश्य सांगावे, इतिहास म्हणून नव्हे. ज्या समाजाला आपल्या वारशाचा अभिमान आहे, त्याला अतिशयोक्तीची गरज पडत नाही. शाळांनीही सहलींचा ठराविक साचा सोडावा. पाचवीपासून दहावीपर्यंत एकदा तरी मुलाने आपल्या राहत्या भूमीचे दर्शन घेतलेले असावे.

अशी सहल निघाली, तर तिचा शेवट धारावीच्या किल्ल्यावर व्हावा. वसई पडण्यापूर्वी मराठ्यांनी हा किल्ला घेतला, कारण खाडीच्या मुखावर नजर ठेवणारे हे ठाणे हाती आल्याशिवाय वसईची कोंडी पुरी होत नव्हती. तेथे उभे राहिले की खाडीपलीकडे वसईचा किनारा दिसतो, खाली कोळ्यांच्या होड्या परतत असतात, मागे पॅगोडाचा कळस मावळतीच्या उन्हात असतो. सकाळी ज्या मुलाने कान्हेरीत दोन हजार वर्षांपूर्वीच्या दात्याचे नाव ऐकले, त्यालाच येथे कळते की आपण ज्या इमारतीत राहतो तिच्या पायाखाली एवढे सारे आहे. उद्या मंडपेश्वरच्या भिंतीवर कोणी नाव कोरू लागला, तर त्याचा हात धरणारा हाच मुलगा असेल. पुरातत्त्व खात्याचा एकटा पहारेकरी जे करू शकत नाही, ते एका दिवसाची चांगली सहल करू शकते. मागाठाण्याला ती मिळाली नाही. मंडपेश्वरला मिळावी.