तपासणीची तारीख कोण ठरवणार?

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ‘शांती’ कायद्याने अणुऊर्जेचे क्षेत्र खासगी कंपन्यांसाठी खुले केले. चर्चा झाली ती मुख्यतः यावर. त्याच कायद्याने अणुऊर्जा नियामक मंडळाला प्रथमच वैधानिक दर्जा दिला, ही गोष्ट मात्र काहीशी मागे पडली. १९८३ मध्ये सरकारी आदेशाने स्थापन झालेले हे मंडळ अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी होते. आयोगाचे अध्यक्ष म्हणजेच अणुऊर्जा विभागाचे सचिव, आणि अणुभट्ट्या चालवणारी सरकारी कंपनीही याच विभागाची. थोडक्यात, परीक्षक आणि परीक्षार्थी एकाच घरातले. ‘कॅग’ने २०१२ च्या अहवालात यावर बोट ठेवले होते. त्याआधी, २०११ मध्ये, स्वतंत्र नियामकासाठी विधेयक मांडले गेले, पण ते लोकसभेच्या मुदतीबरोबर बारगळले.

आता कायदा झाला. पण कायद्याने स्वतंत्र असलेला नियामक प्रत्यक्षात स्वतंत्रपणे वागतोच असे नाही. याचा धडा अमेरिकेत २००२ साली मिळाला. तो समजून घेण्यासाठी आधी अणुभट्टीचे दाबपात्र म्हणजे काय, हे पाहायला हवे.

साधे पाणी वापरणाऱ्या बहुतेक अणुभट्ट्यांत इंधन जाड पोलादाच्या एका मोठ्या पात्रात असते. त्यातले पाणी ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापते, तरी दाबामुळे उकळत नाही. डोक्यावरचे झाकण बोल्टने आवळलेले असते आणि त्यातून नियंत्रक दांड्यांच्या नळ्या आत जातात. पंप बंद पडला तर दुसरा असतो, वीज गेली तर जनरेटर असतो. दाबपात्राला मात्र पर्याय नसतो. ते फुटले तर पाणी निसटते, इंधन तापून वितळू लागते आणि किरणोत्सारी आयोडीन व सीझियम बाहेर पडण्याच्या वाटेत फक्त बाहेरची काँक्रीटची इमारत उरते. चेर्नोबिलनंतर लहान मुलांमध्ये वाढलेला थायरॉइडचा कर्करोग याच आयोडीनमुळे झाला. म्हणून दाबपात्राची तपासणी ही कागदोपत्री बाब राहत नाही. तो थेट सार्वजनिक आरोग्याचा विषय आहे.

ओहायो राज्यात ईरी सरोवराच्या काठी डेव्हिस-बेसी नावाचे अणुवीज केंद्र आहे. तिथल्या पाण्यात बोरिक आम्ल मिसळलेले असते, कारण बोरॉन न्यूट्रॉन शोषून घेतो. कॅरमच्या बोर्डावर टाकतात तीच ही बोरिक पावडर. एरवी निरुपद्रवी, पण गरम पोलादावर ओल धरून साचली तर ते पोलाद खाऊन टाकते. दाबपात्राला आतून स्टेनलेस स्टीलचा पातळ थर असतो, त्याला या आम्लाचे भय नसते. बाहेरचे साधे पोलाद मात्र उघडे असते.

२००१ च्या सुरुवातीला दक्षिण कॅरोलिनातील ओकोनी केंद्रात झाकणातल्या नळ्यांना आडवे तडे सापडले. आडवा तडा पूर्ण फिरला तर नळी दाबाने उडून जाते आणि तिच्या जागी भोक उरते. ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या अणु नियामक आयोगाने अशा प्रकारच्या सर्व केंद्रांना इशारा दिला. ज्यांना धोका जास्त, त्यांनी ३१ डिसेंबर २००१ पर्यंत तपासणी करावी, असे ठरले. डेव्हिस-बेसी त्या यादीत होते. चालवणाऱ्या फर्स्टएनर्जी कंपनीने मात्र मार्चअखेरच्या नियोजित बंदपर्यंत थांबण्याची मुभा मागितली. मधेच केंद्र बंद केले की विजेचे उत्पन्न बुडते. आयोगाच्या कर्मचाऱ्यांनी केंद्र बंद करण्याच्या आदेशाचा मसुदा तयार केला होता. तो निघालाच नाही. शेवटी १६ फेब्रुवारी २००२ ही तडजोडीची तारीख ठरली.

मार्चच्या सुरुवातीला तीन क्रमांकाच्या नळीची दुरुस्ती चालू असताना ती हलत्या दातासारखी कलली. नळीभोवतीची साचलेली पावडर साफ केल्यावर दिसले ते असे: झाकणाचे सुमारे साडेसोळा सेंटिमीटर जाडीचे पोलाद आरपार खाल्ले गेले होते. तिथे मोठा खड्डा पडला होता. तळाशी उरला होता फक्त आतला स्टेनलेस स्टीलचा थर, एक सेंटिमीटरपेक्षाही कमी. वातावरणाच्या सुमारे दीडशे पट दाब त्या थराने एकट्याने पेलला होता आणि तो बाहेर फुगला होता. दाब पेलणे हे त्या थराचे काम नव्हतेच.

किरणोत्सार बाहेर पडला नाही, कोणाला इजा झाली नाही. पण असा खड्डा एका रात्रीत पडत नाही. खुणा काही वर्षे दिसत होत्या. इमारतीतील हवा तपासणाऱ्या यंत्राचे फिल्टर एरवी महिनाभर टिकत, ते गंजाच्या बारीक कणांनी एक-दोन दिवसांत तुंबू लागले होते. हवा थंड करणाऱ्या यंत्रांवर बोरिक पावडरचे थर बसत आणि ते वारंवार धुवावे लागत. एप्रिल २००० मधल्या एका छायाचित्रात झाकणावरून गंजाचे लालसर ओघळ वाहिलेले स्पष्ट दिसतात. झाकण नीट दिसावे म्हणून भोवतालच्या आवरणात मोठी भोके पाडण्याचा प्रस्ताव १९९० पासून होता. तो दरवेळी पुढे ढकलला गेला. पाहणी चालू राहिली ती तळाच्या उंदराच्या बिळासारख्या लहान भोकांतून.

रुग्णालयात काम करणाऱ्याला हे चित्र ओळखीचे वाटेल. रक्त कमी झाले म्हणून लोहाच्या गोळ्या, थकवा आहे म्हणून टॉनिक, वजन घटले तर आहाराचा सल्ला. प्रत्येक तक्रारीवर इलाज होतो, पण तिन्हींचा एकत्र अर्थ लावून आतड्याची तपासणी कोणी करत नाही. डेव्हिस-बेसीत फिल्टर बदलले गेले, यंत्रे धुतली गेली, पावडर पुसली गेली. गंज येतो कुठून, हा प्रश्न मात्र कोणी शेवटपर्यंत नेला नाही.

नियामकाचे चुकले ते दोन ठिकाणी. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००४ मध्ये म्हटले की, हे केंद्र चांगले चालते असा आयोगाचा समज असल्याने तिथे तपासण्याच कमी झाल्या. ‘हा रुग्ण पथ्य पाळणारा आहे’ असे एकदा मनात बसले की डॉक्टरही त्याच्या तक्रारी हलक्यावर घेतो, तसेच हे. दुसरी चूक अधिक गंभीर. आयोगाच्याच महानिरीक्षकाने चौकशी करून निष्कर्ष काढला की, मुदतवाढ देताना कंपनीचे आर्थिक नुकसान कमी व्हावे हा विचार बराच प्रभावी ठरला होता. केंद्र बंद करायचे तर धोका आहे याचा ठोस पुरावा हवा, अशी अट आयोगाने नकळत स्वतःवरच घालून घेतली होती. खरे तर केंद्र सुरक्षित आहे हे कंपनीने पटवून द्यायचे असते. पुरावा देण्याची जबाबदारीच उलटी झाली.

हा आयोग सरकारी खात्याच्या छायेतला नव्हता. नियमन आणि प्रसार ही कामे वेगळी हवीत म्हणूनच १९७५ मध्ये तो कायद्याने स्वतंत्र झाला होता. पुढे २००५ मध्ये त्याने कंपनीला साडेचोपन्न लाख डॉलरचा विक्रमी दंड केला. २००६ मध्ये, आयोगाला चुकीची माहिती दिली गेल्याचे मान्य करून कंपनीने २ कोटी ८० लाख डॉलर भरले. केंद्र दोन वर्षे बंद राहिले. काही आठवडे वाचवण्याची ही किंमत होती.

आता फ्रान्स. एप्रिल २०१५ मध्ये तिथल्या नियामकाने जाहीर केले की, फ्लामॉनव्हिल येथील नव्या ईपीआर अणुभट्टीच्या दाबपात्राच्या झाकणात आणि तळात काही भागांत कार्बन जास्त आहे, ०.२२ टक्क्यांच्या जागी ०.३० टक्क्यांपर्यंत. कार्बन वाढला की पोलाद ठिसूळ होते. आघात सोसण्याच्या चाचणीत ६० ज्यूल अपेक्षित होते, सर्वांत कमी आकडा ३६ निघाला. चाचणी झाली ती तशाच दुसऱ्या झाकणाचा तुकडा कापून, बायॉप्सी करावी तशी. ती झाली कारण २००५ च्या नव्या नियमाने पोलादाचा दर्जा सिद्ध करण्याची जबाबदारी निर्मात्यावर टाकली होती. दुर्दैवाने तोवर पात्र बसवूनही झाले होते. पुढील तपासानंतर २०१८ मध्ये पात्राला परवानगी मिळाली, पण झाकण २०२४ अखेर बदलण्याच्या अटीवर. नंतर ही मुदतही पहिल्या मोठ्या बंदपर्यंत पुढे गेली. तारीख इथेही सरकली, मात्र आकडे, अटी आणि कारणे सगळी लोकांसमोर होती.

कोकणाला याच्याशी थेट देणेघेणे आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूरला ज्या सहा अणुभट्ट्या प्रस्तावित आहेत, त्या याच ईपीआर प्रकारच्या. आपल्या बहुतेक स्वदेशी भट्ट्यांत एका मोठ्या पात्राऐवजी शेकडो दाबनलिका असतात आणि त्या बदलता येतात. तारापूरच्या १९६९ पासूनच्या पहिल्या दोन भट्ट्या आणि कुडनकुलमच्या भट्ट्या मात्र दाबपात्राच्या आहेत. २०४७ पर्यंत शंभर गिगावॉटचे उद्दिष्ट ठेवले आहे, म्हणजे अशी पात्रे वाढतील, आणि आता त्यांचे मालक खासगीही असतील. एक दिवस बंद म्हणजे किती कोटी, हा हिशेब प्रत्येक बैठकीत मांडला जाईल.

म्हणून नव्या दर्जाच्या मंडळाची परीक्षा कायद्याच्या कलमांत होणार नाही. ती होईल एखाद्या सप्टेंबरात, विजेची मागणी चढलेली असताना, एखादी कंपनी ‘मार्चपर्यंत थांबा’ म्हणेल तेव्हा. त्या वेळी सुरक्षिततेचा पुरावा कंपनीकडून मागितला जातो का, मंडळाचे निरीक्षक स्वतः जाऊन पाहतात का, मुदतवाढ दिलीच तर तिची कारणे जाहीर होतात का, या तीन गोष्टींवर लोकांनी लक्ष ठेवायला हवे. बंद करण्याच्या आदेशाचा मसुदा डेव्हिस-बेसीच्या वेळीही तयार होता. फक्त त्यावर सही झाली नाही.