हेडफोनचं बटण काउंटरवरच दाबून बघा



मोबाईल अ‍ॅक्सेसरीजचं दुकान टाकायचं म्हणणाऱ्यांची कमी नाही. भांडवल बेताचं लागतं, जागा छोटी चालते, माल नासत नाही. सगळं खरं. पण माझा तुम्हाला एकच प्रश्न आहे. तुम्ही विकलेल्या वायरवाल्या हेडफोनचं बटण गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर चाललं नाही, तर तुम्ही काय करणार? "दुसरा पीस देऊ" हे उत्तर तुमच्या तोंडावर आलं असेल, तर थांबा. धंदा इथंच गळतो.

हिशोब करून बघा. समजा, ९० रुपयांचा पीस तुम्ही १५० ला विकला. दहा पिसांवर ६०० रुपये सुटले. त्यातले तीन परत आले आणि तुम्ही बदलून दिले, तर २७० गेले. हातात राहिले ३३०. आणि खरी गंमत पुढे आहे: परत आलेल्या त्या तीन पिसांत बऱ्याचदा बिघाड नसतोच. पीस चांगला, मोबाईलही चांगला, फक्त जोडी जमलेली नसते.

आता रहिमतपूरचं उदाहरण घ्या. बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या गावांतून माणूस येतो, भाजीपाला घेतो, जाता जाता हेडफोन घेतो. घरी गेल्यावर बटण चालत नाही असं कळलं, तर १५० रुपयांसाठी तो गाडीभाडं घालून परत येत नाही. तो पुढच्या वेळी कोरेगावला नाहीतर साताऱ्याला घेतो, आणि पारावर चार जणांना तुमचं नाव सांगतो. चांगल्या कारणासाठी नव्हे!

"आता कोण वायरवाला वापरतं, सगळे ब्लूटूथवर गेलेत," असं होलसेलवाला म्हणेल. त्याला म्हणू द्या. धार काढताना फोन आला, हात भरलेले आहेत, तेव्हा खिशातला मोबाईल काढता येत नाही. वायरवरचं बटण एका बोटानं दाबता येतं. शिलाई मशीनवर बसलेल्या ताईंचं तेच. चार्जिंगची भानगड नाही. या गिऱ्हाइकाला बेस किती आहे याच्याशी देणंघेणं नाही, त्याला बटण पाहिजे.

तर हे बटण चालतं कसं, ते समजून घ्या, कारण दुकानदाराला एवढं आलंच पाहिजे. ३.५ मिलीमीटरच्या पिनीवरच्या पट्ट्या मोजा. दोन पट्ट्या असतील तर त्यात फक्त डावा-उजवा आवाज आणि ग्राउंड आहे. माईक नाही, म्हणून बटणही नाही. तीन पट्ट्या असतील तर चौथा भाग माईकचा. बटणाला वेगळी वायर नसते. मधलं बटण दाबलं की माईकची वायर ग्राउंडला टेकते, आणि मोबाईल समजतो की बटण दाबलं. आवाज वाढवा-कमी करायच्या बटणांमागं छोटे रेझिस्टर असतात. अँड्रॉइडच्या ठरलेल्या मापात वाढवायला २४० ओहम, कमी करायला ४७० ओहम. आयफोनसाठी बनवलेल्या हेडफोनमध्ये ही पद्धत वेगळी आहे. म्हणून ३.५ पिनीचा तसा हेडफोन अँड्रॉइडला लावला की मधलं बटण चालतं आणि आवाजाची दोन्ही बटणं मुकी राहतात. गिऱ्हाईक म्हणतं, "डुप्लिकेट दिला." तुम्ही काय बोलणार?

हे एकदा डोक्यात बसलं की बाकीच्या तक्रारी सोप्या होतात. गाणं आपोआप थांबतंय, मध्येच असिस्टंट उघडतोय? घाम नाहीतर पाणी माईकमध्ये गेलंय, आणि बटण दाबल्यासारखीच वायर ग्राउंडला लागतेय. वाळू द्या, मग बघा. गाण्यातला गायकाचा आवाज गायब, पण बटण दाबून धरलं की नीट ऐकू येतं? माईक आणि ग्राउंड उलटे असलेली जुनी जोडणी आहे, तो पीस त्या मोबाईलसाठी नाही. काहीच होत नाही? आधी कव्हर काढा. जाड कव्हरमुळं पिन पूर्ण आत बसत नाही. जॅकमध्ये धूळ असते, गिरणीवाल्याच्या मोबाईलमध्ये तर पीठच असतं. बटण दाबल्यावर भलतंच अ‍ॅप सुरू होतंय? शेवटी ज्या अ‍ॅपवर काही वाजलं होतं, बहुतेक वेळा इशारा त्यालाच जातो. त्यात हेडफोनचा काही दोष नाही.

टाइप-सीमध्ये जास्त पैसे बुडतात. स्वस्त कन्व्हर्टर दोन जातींचे येतात. एकात नुसत्या वायरी असतात, दुसऱ्यात आवाज बदलणारी चिप असते. नुसत्या वायरीवाला सगळ्या मोबाईलवर चालत नाही. ज्याच्या टाइप-सी पोर्टमधून अ‍ॅनालॉग आवाज निघतो, त्याच्यावरच चालतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. होलसेलमध्ये माल भरताना चिपवालाच मागा, आणि थोडे पीस आणून आधी दोन-तीन कंपन्यांच्या मोबाईलवर लावून बघा. "सगळ्याला चालतं" या शब्दावर शंभर पीस उचलू नका.

आणि काउंटरवर सवय लावा. गिऱ्हाइकाच्याच मोबाईलला हेडफोन लावा. गाणं सुरू करा, मधलं बटण एकदा दाबा, मग दोनदा. आवाज कमी-जास्त करा. तुमच्या नंबरवरून त्याला फोन लावा, बटणानं उचलायला सांगा, दोन शब्द बोलायला सांगा. मिनिटभराचं काम आहे. गर्दीत जमत नाही म्हणाल, तर मी म्हणेन गर्दीतच करा, मागं उभे असलेले बघत असतात.

राहिली ती पाटी, "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही". ती लावू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा धरली आहे. बिलावर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत. म्हणून मुदत तुम्हीच बिलावर लिहा. त्याच बिलावर तारीख, मोबाईलचं मॉडेल आणि "बटण व माईक तपासून दिला" एवढं टाका, गिऱ्हाइकाची सही घ्या. पुढच्या बाजाराला तोच माणूस दुसराच मोबाईल घेऊन तक्रारीला आला, तर दोघांच्या मध्ये ठेवायला कागद असतो.