डुलकीची काटकसर

काटकसर हा मध्यमवर्गाचा कुलधर्मच म्हणायला हवा. खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवायचा, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. पण यंत्रेही असाच संसार करतात, हे मला लॅपटॉप घरात आल्यावर कळले.

लॅपटॉपमध्ये वाय-फायचे एक कार्ड असते आणि त्याच्यावर हुकमत चालवणारा ‘ड्रायव्हर’ नावाचा प्रोग्रॅम असतो. काम नसले की बॅटरी वाचावी म्हणून तो कार्डाला झोपवतो. झोपलेल्या कार्डाचे टपाल राउटर जपून ठेवतो आणि साधारण दर १०० मिलिसेकंदांनी दवंडी पिटतो, “अमक्याचे टपाल आले आहे हो!” कार्ड तेवढ्यापुरते जागे होते, आपले नाव ऐकले तर टपाल मागून घेते, नाहीतर पुन्हा कुशीवर वळते. फारच काटकसरी ड्रायव्हर त्याला दर तिसऱ्या दवंडीलाच उठवतो. मग टपाल ३०० मिलिसेकंदांपर्यंत पडून राहते.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा उशिराने काय बिघडते? पत्र वाचायचे असेल तर काहीच नाही; बोलायचे असेल तर मात्र पुष्कळ. आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकाला १५० मिलिसेकंदांच्या आत पोचावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. फार उशिरा आलेला आवाज यंत्र टाकूनच देते.

माझ्या एका विद्यार्थिनीची एम. ए.ची तोंडी परीक्षा अशीच घरबसल्या झाली. मुलगी हुशार, पण दर प्रश्नाला “सर, पुन्हा सांगता का?” असे विचारू लागली. परीक्षकांनी शेरा मारला, ‘आकलन मंद.’ पुढे आमच्या संगणक विभागातल्या सहकाऱ्यांनी पाहिले, तर तिच्या कार्डाला कमाल काटकसरीचा हुकूम होता. तो बदलल्यावर त्याच घरात, त्याच राउटरवर आवाज स्वच्छ येऊ लागला. मंद होते ते कार्ड. गुण कापले गेले मुलीचे.

म्हणून काही काटकसरच वाईट ठरत नाही. शहाणा ड्रायव्हर शेवटच्या टपालानंतर थोडा वेळ जागा राहतो आणि मगच निजानीज करतो. तारेच्या जाळ्यासाठी २०१० साली ठरलेल्या नियमात तर गिगाबिट कार्डाला झोपेतून उठायला सुमारे १७ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचा जेमतेम साठ हजारावा भाग, पुरतो. एवढी चटपटीत झोप कोणाला खुपणार?

अडचण एवढीच, की ड्रायव्हरला टपालाची संख्या कळते, त्याचे मोल कळत नाही. बातम्या चाळणे आणि परीक्षा देणे त्याच्या लेखी सारखेच. ते मोल जाणणारा माणूस खुर्चीत बसलेला असतो. म्हणून ‘आज झोपू नकोस’ असे सांगण्याची सोय त्याला सहज सापडेल अशी हवी.

वर्षभर आपण तेलाचा थेंबन्‌थेंब मोजतो. पण दिवाळीच्या रात्री पणतीत तेल घालताना हात आखडत नाही. काटकसर त्यालाच कळली, ज्याला ती कोणत्या दिवशी बाजूला ठेवायची हे कळले.