थेंबाची निगा

वैशाखांत शिवालयीं पिंडीवर टांगलेली गलंतिका, म्हणजे आपली गळती, सर्वांनीं पाहिली आहे. भांडें कांठोकांठ भरलेलें असलें तरी छिद्रांत कण अडकला कीं अभिषेक थांबतो. ठिबक सिंचनाचेंहि असेंच आहे.

रत्नागिरी जिल्ह्यांत वर्षास ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. परंतु जांभ्या जमिनींतून तो झपाट्यानें निचरून जातो. म्हणून येथें जयगडास आम्हीं सात आंबाकलमांस ठिबक बसविलें. टांकी रोज रिकामी होई, आम्ही निश्चिंत! चैत्राअखेर टोंकाचीं दोन कलमें वाळलीं, तेव्हां त्यांच्या तोट्या गाळानें बुजल्याचें कळलें.

परीक्षा सोपी आहे. ताशीं ४ लिटर देणाऱ्या तोटीखालीं १५ मिनिटें भांडें ठेवावें. १ लिटर पाणी जमलें पाहिजे. पहिल्या व शेवटच्या तोटींत फार तफावत आढळल्यास गाळणी धुवावी आणि नळीचें टोंक उघडून गाळ वाहूं द्यावा. उतारावर नळ्या आडव्या, समपातळींत टाकाव्या, म्हणजे एका नळीवरील झाडांस सारखें पाणी मिळतें.

आमच्या घरीं दर रविवारीं हें मोजमाप नातवानें पत्करलें आहे. उरलेलीं पांचहि कलमें यंदा हिरवीं आहेत.