लाल फुली मारण्याआधी

आज ५ सप्टेंबर, शिक्षक दिन. अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत शाळाशाळांत आज वर्गाचा ताबा मुलांकडे आहे. दहावीच्या मुली आईची साडी नेसून पाचवीवर तास घेतात आणि बाई मागच्या बाकावर बसून ऐकतात. वर्षातून एकदा का होईना, शिक्षकाला आपला वर्ग मागून दिसतो. अशा पाहण्यालाच पुढे शिस्त आणि नोंदींची जोड मिळाली, की त्याला कृतिसंशोधन म्हणतात.

हा शब्द बीएड झालेल्या प्रत्येकाच्या परिचयाचा आहे. समस्या, कारणे, परिकल्पना, पूर्वचाचणी, उपाय, उत्तरचाचणी, निष्कर्ष. मग बाइंडिंग, सही, गुण. बहुतेकांची ओळख तिथेच संपते. याचा दोष त्या भावी शिक्षकांवर ढकलणे आम्हाला मान्य नाही. सरावपाठासाठी परक्या शाळेत गेलेल्याला मुलांची नावेही पुरती ठाऊक नसतात, तो त्यांच्या अडचणीचे मूळ कसे शोधणार? कृतिसंशोधन रोजच्या, आपल्या वर्गाचेच होते.

एक साधे गणित घ्या. ३०२ वजा १४८. उत्तर १५४. एका मुलाने २४६ लिहिले, शेजारच्या मुलीने १६४. दोन्ही वह्यांवर सारखीच लाल फुली पडते. पण जरा थांबून पाहा. मुलाने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे: आठातून दोन, चारातून शून्य, तिनातून एक. मुलीला मात्र शतक सुटे करता येते. तिने दहा दशक आणले, त्यातला एक एककाला दिला, फक्त मागे नऊच उरले हे ती विसरली. मुलाच्या हातात काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या द्यायला हव्यात. मुलीला मधल्या एका पायरीशी थांबवले तरी पुरे. दोघांनाही ‘दहा वेळा लिहून आण’ म्हटले, तर मुलगा आपली चूक दहा वेळा पक्की करून येईल. बाईंनी पंधरा दिवस अशा चुका वहीत टिपल्या, त्यांचे प्रकार लावले, एका गटाला गठ्ठे दिले आणि पुन्हा तशीच गणिते घालून फरक पाहिला, की ते संशोधन झाले. यासाठी ना अनुदान लागते, ना प्रोजेक्टर. उशिरा येणाऱ्या मुलांचेही असेच आहे. असल्फ्याच्या डोंगरउतारावरच्या घरात पाणी नेमके शाळेच्या वेळेला येत असेल, तर ते हजेरीपटावरून कळणार नाही, विचारावेच लागेल.

कर्ट लेविन यांनी १९४६ मध्ये या पद्धतीवर निबंध लिहिला आणि स्टीफन कोरी यांनी १९५३ च्या पुस्तकातून ती शाळेत आणली, असे अभ्यासक्रमात शिकवतात. ते खरेच आहे. पण आपल्याकडे ताराबाई मोडकांनी काय केले, हेही त्याच पानावर यायला हवे. १९४५ मध्ये बोर्डीला त्यांचे बालशिक्षणाचे काम सुरू झाले. आदिवासी पाड्यावरची मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी पालकांना बोल लावला नाही. बालवाडीच पाड्याच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला, अनुताई वाघांच्या साथीने, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. अडचण पाहिली, उपाय बदलला, पुन्हा पाहिले.

आपल्या उपनगरात, मानखुर्दला, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. १९७४ मध्ये ते सुरू झाले आणि वि. गो. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली पालिका शाळांतल्या मुलांबरोबर काम करू लागले. ही मुले विज्ञानात का अडतात, याचा शोध घेताना लक्षात आले, की पुष्कळदा अडसर विज्ञानाचा नसून पाठ्यपुस्तकाच्या जड भाषेचा आहे. मजकूर सोपा करून दिल्यावर मुले वर्गात बोलू लागली. ‘मुलांना झेपत नाही’ हे वाक्य आपण किती सहज उच्चारतो!

शिक्षकांना वेळ नाही, ही तक्रार खरी आहे. निवडणुकीची कामे, माहितीचे तक्ते, रोज नवे ॲप. त्याहून मोठी अडचण भीतीची आहे. ‘माझ्या वर्गातल्या मुलांना वाचता येत नाही’ असे शिक्षकाने प्रामाणिकपणे लिहिले, तर तो कागद त्याच्यावरच उलटतो. म्हणून अहवालात सगळेच उपाय यशस्वी होतात. न जमलेला प्रयोग सांगायला जागा नसेल, तर शाळा सुधारणार कशी?

मुख्याध्यापकांना आमची विनंती आहे. आजचे गुलाब देऊन झाले, की वेळापत्रकात आठवड्याची एक तासिका मोकळी काढा. तीन-चार शिक्षकांना मुलांच्या वह्या घेऊन एकत्र बसू द्या. त्या तासिकेचा अहवाल मागू नका, फोटोही मागू नका. आणि बाईंना, सरांना एवढेच सांगणे: उद्या वह्यांच्या गठ्ठ्यात पहिली लाल फुली मारण्याआधी त्या मुलाला जवळ बोलवा आणि विचारा, ‘हे उत्तर कसे काढलेस, मला सांग बरे.’