हवा खराब म्हणणारेही तेच, कोर्टात जाणारेही तेच



जास्त धूर सोडणाऱ्या जुन्या गाड्यांना शुल्क लावणारे लंडनचे यूलेझ क्षेत्र वाढवण्याविरुद्धच्या दाव्याचा निकाल जुलै २०२३ मध्ये लागला, आणि त्यानंतर आपल्या स्तंभातली पत्रे एकाच सुरात आली. गेल्या अंकात एका पत्रलेखकाने तर या शुल्काला ‘जिझिया कर’ म्हटले आणि हायकोर्टात हरलेल्या पाच कौन्सिलांचे सामान्य माणसासाठी लढल्याबद्दल आभारही मानले. मी हॅरोत राहते आणि कौन्सिल टॅक्स तिथेच भरते. या लढाईचा खर्च माझ्याही खिशातून गेला आहे. आभार मानायचे की जाब विचारायचा, हे मलाही सांगू द्या.

ज्या हॅरो कौन्सिलने यूलेझविरुद्ध दावा लावला, त्याच कौन्सिलने वीसेक वर्षांपूर्वी अख्खा बरो ‘एअर क्वालिटी मॅनेजमेंट एरिया’ म्हणून जाहीर करून ठेवला आहे. एखादा चौक किंवा एखादा हमरस्ता नव्हे, सगळाच्या सगळा बरो. १९९५च्या पर्यावरण कायद्यानुसार असे जाहीर करावे लागते ते हवा ठरलेल्या पातळीपेक्षा खराब असेल किंवा होण्याची शक्यता असेल तरच. आणि एकदा जाहीर केले की हवा सुधारण्याचा आराखडा करणे बंधनकारक होते. दाव्यात हॅरोबरोबर असलेल्या हिलिंग्डन, ब्रॉम्ली आणि बेक्सली या बरोंनीही आपापल्या हद्दीत असे भाग जाहीर केलेले आहेत. म्हणजे आमच्या हद्दीतली हवा खराब आहे हे महापौर सादिक खान यांनी या कौन्सिलांना सांगितलेले नाही. तसे यांनीच कागदावर लिहून दिले आहे. छप्पर गळते म्हणून स्वतःच तक्रार लिहायची आणि शाकारायला माणूस आला की त्यालाच कोर्टात खेचायचे, यातला हा प्रकार.

कोर्टात तरी हवेबद्दल बोलायचे! तिथे मुद्दे कोणते होते? महापौरांना जुना आदेश बदलून यूलेझची हद्द वाढवण्याचा अधिकार आहे का, कन्सल्टेशनमध्ये लोकांना पुरेशी माहिती दिली का, जुनी गाडी मोडीत काढणाऱ्याला पैसे देण्याच्या स्क्रॅपेज योजनेचा निर्णय नीट घेतला का. २८ जुलैला न्या. स्विफ्ट यांनी तिन्ही फेटाळले. हॅरोच्या मुलांनी कुठली हवा श्वासात घ्यायची, हा प्रश्न या पाचही कौन्सिलांच्या वकिलांच्या कागदात नव्हताच. यूलेझ नको तर दुसरे काय करू, हेही नव्हते. वीस वर्षांत त्यांना सुचलेला पर्याय मला आजवर कोणी दाखवलेला नाही.

कन्सल्टेशनमध्ये बहुतेकांनी ‘नको’ म्हटले, हे खरे आहे. निकालाच्या आधीच झालेली अक्सब्रिजची पोटनिवडणूक कन्झर्व्हेटिव्ह पक्षाने ४९५ मतांनी राखली आणि ती यूलेझमुळेच राखता आली असे सगळे म्हणतात, तेही मान्य. पण श्वास घेण्याचा प्रश्न मतदानाने सुटत नाही. ज्यांची फुप्फुसे अजून वाढत आहेत त्यांना ना कन्सल्टेशनचा फॉर्म भरता येतो ना मत देता येते. आणि अक्सब्रिजच्या मतदारांना एवढे तरी कोणी सांगायला हवे होते की यूलेझला मंजुरी मिळाली ती २०१५ साली, बोरिस जॉन्सन महापौर असताना. त्यांनीच सोडलेल्या जागेवर ही निवडणूक झाली.

आता त्या ‘जिझिया’विषयी. २००६ नंतरची पेट्रोल गाडी बहुधा युरो ४ असते, तिला एक पेनीही पडत नाही. डिझेलची २०१५च्या सप्टेंबरनंतरची असेल तर तीही बहुधा सुटते. बाहेरच्या लंडनमध्ये रस्त्यावर दिसणाऱ्या दहापैकी नऊ मोटारी नियमात बसतात असे ट्रान्सपोर्ट फॉर लंडन (टीएफएल) २०२३ मध्ये म्हणत होते. हा आकडा थोडाफार इकडेतिकडे असेल असे धरून चाला. तरीही आपल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात जे तावातावाने बोलतात, त्यांतल्या कितीजणांनी टीएफएलच्या संकेतस्थळावर आपल्या गाडीचा नंबर टाकून पाहिला आहे? मी दोघांना फोनवर तिथल्या तिथे टाकायला लावला. दोघांच्याही गाड्या नियमात बसणाऱ्या निघाल्या. तरी ते चिडलेलेच होते.

दहातल्या ज्या एकाला शुल्क पडते त्याचे काय, हा खरा प्रश्न, आणि तिथे मी पत्रलेखकाच्या बाजूने आहे. रोजचे साडेबारा पौंड म्हणजे आठवड्याचे पाच दिवस धरले तरी साडेबासष्ट. शुल्काचा दिवस मध्यरात्री सुरू होतो आणि मध्यरात्रीच संपतो. म्हणून केअर होममध्ये रात्रपाळी करणारी बाई दहाला घरून निघाली आणि सकाळी परतली, तर तिच्या एकाच पाळीचे दोन दिवस मोजले जाणार. पंचवीस पौंड! तिच्यासाठी भांडायचे होते ना? रात्रपाळीवाल्यांना एकच दिवस मोजा, स्क्रॅपेजची रक्कम वाढवा, बस वाढवा, असा आग्रह धरून या कौन्सिला महापौरांच्या दारात ठिय्या देऊन बसल्या असत्या तर मीही त्यांच्याबरोबर बसले असते. निकालानंतर आठवड्याभरातच खान यांनी स्क्रॅपेजचा निधी ११ कोटींवरून १६ कोटी पौंडांवर नेला आणि २१ ऑगस्टपासून नियमात न बसणारी गाडी असलेल्या कोणाही लंडनकराला मोटारीमागे दोन हजार पौंड मिळतील असे जाहीर केले. कोर्टातल्या दाव्याने हे मिळाले नाही, दावा तर फेटाळला गेला. दावा लावला त्या फेब्रुवारीपासून हीच मागणी लावून धरली असती, तर जुनी डिझेल व्हॅन घेऊन पोट भरणाऱ्याला सहा महिने आधी दिलासा मिळाला असता. शेजारच्या सरे काउंटीतल्या लोकांना मात्र यातले काहीही नव्हते, कारण ते लंडनच्या हद्दीबाहेर राहतात. त्यांचा राग मला समजतो. पण त्यांच्या काउंटीने, म्हणजे दाव्यातल्या पाचव्या कौन्सिलने, काय केले, तर हद्दीवर पाट्या लावायच्या करारावर सही करायला नकार दिला. पाटी नसली तर दंड कोणाला बसणार? त्याच सरेकरांना.

मी नातवाला शाळेतून आणायला जाते. हिवाळ्यात सव्वातीनला फाटकासमोर गाड्यांची रांग लागलेली असते, काचा बंद, हीटर चालू, इंजिनही चालू. एक्झॉस्टचा धूर पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या नाकापर्यंत सहज पोचतो. फाटकातून बाहेर पडलेली मुले त्याच धुरातून आपापली गाडी शोधत जातात. नातवाच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात दम्याचा निळा पंप असतो आणि त्याच्या वर्गात तसा पंप आणणारा तो एकटा नाही. लुइशममध्ये साउथ सर्क्युलर रस्त्याजवळ राहणारी नऊ वर्षांची एला २०१३ साली दम्याने गेली. तिच्या मृत्यूला हवेचे प्रदूषणही कारणीभूत होते, असे कॉरोनरने २०२० साली लेखी नोंदवले. या देशात तशी नोंद त्याआधी कधी झाली नव्हती. ती नोंद झाल्यानंतरही चार बरो कौन्सिलांना आपल्या पैशाने हा दावा लावावासा वाटला, याचा मला संताप येतो.

आणि इंजिन चालू ठेवण्याचा विषय निघालाच आहे म्हणून विचारते. उभ्या गाडीचे इंजिन बंद करायला सांगूनही चालकाने ऐकले नाही, तर दंड करण्याचा अधिकार लंडनच्या कौन्सिलांना आहे. त्यासाठी ना महापौर लागतो ना कॅमेरे. हॅरो, हिलिंग्डन, ब्रॉम्ली आणि बेक्सली यांनी गेल्या पाच वर्षांत हा दंड किती वेळा केला, याचा आकडा जाहीर करावा. त्याच पत्रकात कोर्टाच्या खर्चाचा आकडाही छापावा, म्हणजे दोन्ही शेजारी शेजारी वाचता येतील. हा दंड २००२च्या नियमांनुसार फक्त वीस पौंड आहे. तो इतकी वर्षे वीसच का ठेवला, हे २०२३ साली मोटारचालकांचा कैवार घेऊन बोलणाऱ्या सरकारनेही सांगायला हवे होते.

— एक वाचक, वील्डस्टोन, हॅरो (लंडन)