हॅलोविनच्या रात्री भय कशाचे?

सकल संतांच्या सोहळ्याची पूर्वसंध्या, म्हणजे ३१ ऑक्टोबरची रात्र, अमेरिकेत व कॅनडात हॅलोविन म्हणून साजरी होते. भुताखेतांचे मुखवटे चढवून मुले दारोदार खाऊ मागतात. ‘हॅलोविन’ या नावातच संतांची पूर्वसंध्या दडली आहे, याचे स्मरण तिथेही आता फारसे उरलेले नाही. आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबांची मुले-नातवंडे तिकडे स्थायिक झाली आहेत. त्या रात्री दार लावून घरातच बसावे काय, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. मात्र त्यामागील भीती बहुधा चुकीच्या जागी असते, असे आम्हांस वाटते.

अनोळखी माणसे मिठाईत विष कालवतात, ही आवई तिथे अर्धशतकाहून अधिक काळ उठत आली आहे. डेलावेअर विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी अनेक दशकांच्या बातम्या तपासल्या. अनोळखी व्यक्तीच्या खाऊमुळे एखादे मूल दगावल्याचे एकही सिद्ध उदाहरण त्यांना आढळले नाही. १९७४ साली टेक्सासमध्ये आठ वर्षांचा मुलगा सायनाइडने मरण पावला खरा. पण ते विष विम्याच्या पैशासाठी प्रत्यक्ष जन्मदात्यानेच दिले होते.

खरा धोका रस्त्यावर आहे. १९७५ ते २०१६ या काळातील अमेरिकन अपघातांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. आठवडाभर आधीच्या व नंतरच्या संध्याकाळींच्या तुलनेत हॅलोविनच्या संध्याकाळी पादचाऱ्यांच्या मृत्यूचा धोका ४३ टक्क्यांनी अधिक होता. चार ते आठ वर्षांच्या मुलांना तो सुमारे दहापट. काळा पोशाख, डोळे झाकणारा मुखवटा आणि अंधार, आणखी काय हवे?

घरात राहणाऱ्यांना भय आहे ते उघड्या ज्योतीचे. कोरलेल्या भोपळ्यात मेणबत्ती तेवत असते आणि दाराशी येणाऱ्या मुलांचे झगे सैल, कृत्रिम धाग्यांचे असतात. तिथे बॅटरीवरचा दिवाच ठेवावा. पायऱ्यांवरील अडगळ काढावी, पाळीव कुत्रा आत बांधावा. ज्यांना सहभागी व्हायचे नाही, त्यांनी दारावरचा दिवा मालवावा. मुले ती खूण ओळखतात आणि कोणी रागावत नाही.

परंतु घराच्या सुरक्षिततेचा विचार केवळ आत बसलेल्यांपुरता करावा काय? १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये लुईझियाना राज्यातील बॅटन रूज येथे योशिहिरो हत्तोरी हा सोळा वर्षांचा जपानी विद्यार्थी हॅलोविनच्या मेजवानीस निघाला आणि चुकून भलत्याच घरी पोहोचला. घरमालकाने घाबरून बंदूक उचलली. ‘थांब’ या अर्थाने उच्चारलेला इंग्रजी शब्द त्या परक्या मुलास उमगला नसावा. तो पुढे आला आणि गोळीस बळी पडला. पुढील वर्षी ज्युरीने घरमालकास निर्दोष ठरविले. मुलाच्या आईवडिलांनी सूडाची भाषा केली नाही; बंदुकांवर निर्बंध यावेत म्हणून त्यांनी जपानमध्ये लाखो सह्या गोळा केल्या. त्या घरातील माणसे आपण सुरक्षित राहावे एवढेच पाहत होती, हे आम्हांस विसरता येत नाही.

ज्योतीबाबतची सूचना इकडेही लागू आहे. २ नोव्हेंबरच्या सायंकाळी आपल्या दफनभूमीत थडग्याथडग्यांवर मेणबत्त्या लागतात, गर्दी दाटते आणि लहान मुली घोळदार झगे घालून त्यांमधून वाट काढतात. त्यांचा हात मोठ्यांनी धरलेला असावा.